वारस बदलला तेव्हा: फ्रान्समधले सात दिवस

पहिला दिवस: सें-सेव्हरँ

पॅरिसमध्ये भाचीच्या घरी सामान टाकलं, चहा घेतला आणि झोप डोळ्यांवर यायच्या आत बाहेर पडलो. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण माझ्या वाट्याला फ्रान्स आला तो नेहमी 1789 चा. त्याच्या दोनशे वर्षं आधी याच शहरात राजा कशाने ठरतो, रक्ताने, धर्माने की लोकांच्या संमतीने, यावर गल्लोगल्ली वाद पेटला होता, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं. तेव्हापासून त्या वादाच्या जागा पायी फिरून पाहायच्या होत्या.

लॅटिन क्वार्टरमधलं सें-सेव्हरँचं चर्च पहिलं गाठलं. आजूबाजूला खाण्याच्या दुकानांची दाटी, भाजलेल्या मांसाचा वास आणि मधेच ही काळवंडलेली गॉथिक वास्तू. चर्चला लागून छोटी बाग आहे, बागेच्या कडेने तिकोनी छपरांची कमानदार पडवी. इथे पूर्वी कब्रस्तान होतं. 1587 च्या उन्हाळ्यात या कब्रस्तानात एक मोठं चित्र लावलं गेलं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांचे कसे हाल होतात, ते त्यात रंगवलं होतं. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला होता. चित्र पाहायला माणसं लोटली. शेवटी जुलैत राजाने ते काढायला लावलं.

चित्र इंग्लंडचं, पण रोख फ्रान्सच्या गादीवर होता. तिसऱ्या हेन्रीला मूल नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ, आंजूचा ड्यूक, 10 जून 1584 रोजी वारला आणि व्हाल्वा घराण्याचा शेवटचा वारस गेला. फ्रान्सच्या सॅलिक कायद्याप्रमाणे गादी बाईकडे जात नाही, बाईच्या वंशातूनही जात नाही. फक्त पुरुषाकडून पुरुषाकडे. त्या हिशेबाने आता पाळी आली हेन्रीची, नाव्हार या छोट्या राज्याच्या राजाची. तो नवव्या लुईच्या, म्हणजे संत लुईच्या, एका धाकट्या मुलाच्या शाखेतला. शाखा फुटून तीनशे वर्षं झालेली.

भाची म्हणाली, "मावशी, हे तर फारच लांबचे भाऊबंद."

लांबचे खरे, पण कायद्याने सगळ्यांत जवळचे तेच. अडचण वेगळीच होती. हा हेन्री प्रोटेस्टंट होता, ह्यूगेनॉटांचा म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचा पुढारी. उद्या तो राजा झाला तर आपलं इंग्लंड होईल, हे त्या चित्राला सांगायचं होतं. लुई दोर्लेआँ नावाच्या वकिलाने आदल्याच वर्षी इंग्लिश कॅथलिकांच्या तोंडून फ्रेंच कॅथलिकांना इशारा देणारी पुस्तिका लिहिली होती. तिचा आशयही हाच.

पडवीत एक मुलगा अभ्यास करत बसला होता. आम्ही थोडा वेळ त्याच्या शेजारी बसलो.

दुसरा दिवस: कार्नाव्हाले

पॅरिस शहराचं हे संग्रहालय पाहायला तिकीट नाही. मला पाहायचं होतं ते लीगच्या मिरवणुकीचं चित्र. लीग म्हणजे गीझच्या ड्यूकने उभी केलेली कॅथलिकांची फळी. तिला स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा पैसा होता. 31 डिसेंबर 1584 रोजी ज्वांव्हील इथे तसा करारच झाला होता. चित्रात साधू चालले आहेत. अंगात कफनी, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर बंदूक. 1590 मध्ये नाव्हारच्या हेन्रीने पॅरिसची नाकेबंदी केली तेव्हा शहराला धीर द्यायला अशा मिरवणुका निघत. हसायला यावं असं ते दृश्य आहे, पण मला हसू आलं नाही. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी ही मिरवणूक पाहिली होती.

संध्याकाळी भाचीच्या टेबलावर संगणक उघडून बसलो. या सगळ्या काळातला माझा आवडता माणूस पिएर द लेत्वाल. राजाच्या चॅन्सरीत नोकरी करणारा पॅरिसकर, रोजनिशी लिहिणारा. भिंतींवर चिकटवलेली, हातोहात फिरणारी, रस्त्यात ओरडून विकली जाणारी पत्रकं आणि चित्रं तो गोळा करायचा. लीगचा मजकूर त्याला पटत नव्हता. तरी त्याने तो जपून मोठ्या वहीत चिकटवला, शेजारी आपल्या अक्षरात टिपणं केली. ती वही आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि घरबसल्या पाहता येते. ठसठशीत लाकडी ठशांची चित्रं, त्याखाली पद्य. तिसऱ्या हेन्रीच्या नावातली अक्षरं फिरवून 'नीच हेरोद' असा अर्थ काढलेला. हेरोद म्हणजे बायबलमधला जुलमी राजा. आपल्याला न पटणारा कागदसुद्धा जपावा ही बुद्धी त्याला त्या गदारोळात झाली, म्हणून आज आपल्याला त्या शहराचा आवाज ऐकू येतो.

मग भाचीने विचारलं, "पण दोन्हीकडचे नेमकं म्हणत काय होते?"

तिला सांगता सांगता मलाच ते नव्याने दिसलं. 24 ऑगस्ट 1572 ला पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूची कत्तल झाली, हजारो ह्यूगेनॉट मारले गेले. त्यानंतर त्यांच्या लेखकांनी राजसत्तेलाच हात घातला. फ्रांस्वा ओत्मान या कायदेपंडिताने 1573 मध्ये 'फ्रँकोगालिया' छापलं. जुने फ्रँक लोक आपला राजा सभेत निवडत आणि नालायक निघाला तर काढूनही टाकत, असं त्याने दाखवलं. 1579 मध्ये 'ब्रूटस' या टोपणनावाने निघालेल्या ग्रंथाने तर राजा आणि प्रजा यांच्यात करार असतो, राजाने तो मोडला तर त्याला विरोध करता येतो, असं मांडलं. तेव्हा कॅथलिक पंडित याला राजद्रोह म्हणत होते.

आणि 1584 मध्ये वारस बदलला. प्रोटेस्टंट हेन्री गादीच्या दाराशी आला तसे हेच ह्यूगेनॉट जन्मसिद्ध हक्काची बाजू मांडू लागले. राजा नेमणारी सभा, करार, प्रजेचा अधिकार ही सगळी हत्यारं लीगने उचलली. झां बूशे हा पॅरिसचा धर्मगुरू 1589 मध्ये राजाला पदच्युत करणं कसं न्याय्य आहे यावर मोठा लॅटिन ग्रंथ लिहितो, आणि त्यातले मुद्दे वाचताना दहा वर्षांपूर्वीच्या 'ब्रूटस'ची आठवण येते. विल्यम बार्कले या स्कॉटिश कायदेपंडिताने 1600 मध्ये दोघांनाही एकाच माळेत ओवून 'राजांशी लढणारे' असं नाव दिलं. एकजण प्रोटेस्टंट, दुसरा त्यांना जाळायला निघालेला, आणि युक्तिवाद एकच.

ओत्मानने स्वतः 1585 मध्ये काका आणि पुतण्या यांच्यातल्या वारसाहक्कावर पुस्तक लिहिलं. कारण लीगने नाव्हारच्या हेन्रीसमोर त्याचाच सख्खा काका उभा केला होता. कार्डिनल शार्ल द बूर्बाँ, साठी ओलांडलेला कॅथलिक धर्माधिकारी. काका एक पिढी जवळचा म्हणून हक्क त्याचा, हे लीगचं म्हणणं. थोरल्या भावाच्या मुलाला बापाची जागा मिळते म्हणून हक्क पुतण्याचा, हे ओत्मानचं. भाऊबंदकीत वाढलेल्या आपल्या माणसाला हा वाद परका वाटत नाही. फक्त इथे काकाच्या पाठीशी पोपही होता. पाचव्या सिक्स्टसने सप्टेंबर 1585 मध्ये नाव्हारच्या हेन्रीला धर्मबहिष्कृत करून गादीला अपात्र ठरवलं.

या गर्दीत एक माणूस मला खरा वाटतो. पिएर द बेल्वा, कॅथलिक वकील. त्याने 1585 मध्येच लिहिलं की वारसाचा धर्म कोणता यावरून त्याचा हक्क बदलत नाही. स्वतःच्या धर्माच्या लोकांनी त्याला तुरुंगात घातलं. वारस बदलल्यावर ज्याचं म्हणणं बदललं नाही असा माणूस मी शोधत होते, तो हा.

तिसरा दिवस: ब्ल्वा

ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून सकाळची गाडी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात होती. ल्वार नदी दिसली तेव्हा ढग विरले होते.

ब्ल्वाचा राजवाडा शहराच्या मधोमध उंचावर आहे. पर्यटक अंगणातल्या नक्षीदार गोल जिन्याकडे धावतात. मी आधी उजवीकडे स्टेट्सच्या, म्हणजे देशाच्या सभेच्या, दिवाणखान्यात गेले. तेराव्या शतकाची ही इमारत, दुहेरी लाकडी छत, निळ्या रंगावर सोनेरी कमळांची चिन्हं. 1588 च्या ऑक्टोबरमध्ये देशाची सभा इथे भरली. धर्माधिकारी, सरदार, सामान्यजन, आणि त्यांत बहुसंख्य लीगवाले. मे महिन्यातच पॅरिसने रस्त्यांत अडथळे रचून राजाला पळवून लावलं होतं. आता या सभेत राजाला शपथ घ्यावी लागली की फ्रान्सचा राजा कॅथलिकच असेल आणि हा राज्याचा मूलभूत कायदा राहील.

मी त्या खांबाशी बराच वेळ उभी राहिले. एक मूलभूत कायदा म्हणतो, जवळचा पुरुष वारस हाच राजा, मग तो कोणीही असो. दुसरा म्हणतो, राजा कॅथलिक हवा. जवळचा वारस कॅथलिक नसेल तर कोणता कायदा मूळचा? त्या दिवाणखान्यात याचं उत्तर कोणी दिलं नाही. उत्तर वरच्या मजल्यावर दिलं गेलं.

23 डिसेंबर 1588 ची पहाट. गीझच्या ड्यूकला बैठकीतून राजाच्या खोलीकडे बोलावणं आलं. तिथे राजाचे अंगरक्षक, 'पंचेचाळीस' नावाने ओळखले जाणारे, खंजीर घेऊन थांबले होते. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ, गीझचा कार्डिनल, मारला गेला. दोघांची प्रेतं जाळून राख नदीत सोडली. अस्थी उरल्या तर लोक त्यांची पूजा मांडतील, ही भीती. काका बूर्बाँ कार्डिनल इथेच कैद झाला. खोली आता शांत आहे, भिंतीवर खुनाची चित्रं आहेत. एक शिक्षिका मुलांना काही सांगत होती आणि मुलं जमिनीकडे डाग शोधत होती.

राख नदीत सोडून काही साधलं नाही. पॅरिसमध्ये आठवड्याभरात गीझ हुतात्मा झाला. 1 जानेवारीला एका धर्मगुरूने प्रवचनात श्रोत्यांकडून सूडाची शपथ घेतली आणि समोर बसलेल्या मुख्य न्यायाधीशालाही हात वर करायला लावला. लेत्वालने हे टिपून ठेवलं आहे. 7 जानेवारी 1589 रोजी सोरबोनच्या धर्मशास्त्र्यांनी निर्णय दिला की प्रजा राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळी आहे. एका विद्यापीठाने आपल्या राजाची प्रजा सोडवून घेतली, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

रात्र ब्ल्वालाच काढली.

चौथा दिवस: तूर

पाऊस. तूरच्या बाहेर प्लेसीचा वाडा, अकराव्या लुईने बांधलेला. आता एकच भाग उभा आहे आणि तो आम्ही छत्रीखालून बाहेरूनच पाहिला. 30 एप्रिल 1589 रोजी इथे तिसरा हेन्री आणि नाव्हारचा हेन्री भेटले. इतकी वर्षं एकमेकांविरुद्ध लढलेले. दोघं मिळून पॅरिसवर चालून गेले. 1 ऑगस्टला सें-क्लू इथे झाक क्लेमाँ नावाच्या तरुण डॉमिनिकन साधूने पत्र देण्याच्या निमित्ताने तिसऱ्या हेन्रीच्या पोटात सुरा खुपसला. दुसऱ्या दिवशी तो गेला. मरताना त्याने नाव्हारच्या हेन्रीला वारस मानलं आणि धर्म बदल असंही सांगितलं. लीगने कैदेतल्या काकाला 'दहावा शार्ल' म्हणून राजा जाहीर केलं, त्याच्या नावाची नाणी पाडली. काका 9 मे 1590 ला कैदेतच वारला. नाणी मात्र पुढेही पडत राहिली.

संध्याकाळच्या गाडीने परत. बूट ओले, भाची माझ्या खांद्यावर झोपलेली.

पाचवा दिवस: सें-दनी

तेरा नंबरची मेट्रो थेट बॅसिलिकापाशी सोडते. बाजाराचा दिवस होता. भेंडी, कोथिंबीर, केळी, अरबी आणि आफ्रिकी बोली, आणि पलीकडे फ्रान्सच्या राजांचं दफनस्थान. मला ही जागा फार आवडली.

काका गेल्यावर लीगकडे धर्म होता, उमेदवार नव्हता. जानेवारी 1593 मध्ये तिने पॅरिसच्या लूव्हरमध्ये देशाची सभा भरवली, नवा राजा निवडायला. स्पेनच्या राजदूतांनी नाव सुचवलं इन्फांता इसाबेलाचं. ती फिलिपची मुलगी, आणि आईकडून फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीची नात. तिच्यासाठी सॅलिक कायदा रद्द करायचा होता. बाईला गादी नाकारणाऱ्या कायद्याबद्दल मला प्रेम नाही. पण 28 जून 1593 रोजी पॅरिसच्या पार्लमाँने जे केलं त्याचा मला आदर वाटतो. पार्लमाँ म्हणजे इथे संसद नव्हे, उच्च न्यायालय. शहर लीगच्या ताब्यात, आत स्पॅनिश फौज, आणि न्यायाधीशही लीगच्याच बाजूचे म्हणवणारे. तरी त्यांनी निवाडा दिला की मूलभूत कायदे मोडून परक्या राजपुत्राला किंवा राजकन्येला गादी देता येणार नाही. राजा कॅथलिक असावा हेही ते सोडत नव्हते. दोन्ही कायदे एकाच वेळी पाळायचे तर वाट एकच उरत होती, आणि ती नाव्हारच्या हेन्रीच्या हातात होती.

25 जुलै 1593, रविवार. पांढरा पोशाख घालून तो या दाराशी आला. बूर्झच्या आर्चबिशपने विचारलं, तू कोण? तो म्हणाला, मी राजा. काय हवं? कॅथलिक चर्चच्या पदरात घ्या. लीगने बंदी घातली असतानाही पॅरिसहून लोक पाहायला आले होते. त्या दाराच्या उंबऱ्याशी मी उभी राहिले. 'पॅरिससाठी एक मास (कॅथलिक चर्चमधली उपासना) काही जड नाही' हे वाक्य सगळे त्याच्या तोंडी घालतात, पण तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही. त्याच्या मनात काय होतं ते कोणी पाहिलं? मला एवढं दिसतं की 'मी राजा' हे उत्तर त्याने आधी दिलं. म्हणजे गादी धर्मांतराने मिळाली नाही, ती जन्मानेच आपली होती, असं त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं.

आत दुसऱ्या हेन्रीची आणि त्याची राणी कातरीन हिची संगमरवरी समाधी आहे. नाव्हारचा हेन्री फ्रान्सचा चौथा हेन्री झाला, पण त्याची तशी मोठी समाधी नाही. क्रांतीत, 1793 मध्ये, इथल्या राजांची थडगी उकरली गेली, त्यात तोही होता.

सहावा दिवस: शार्त्र

मोंपार्नासहून तासाभराहून थोडा जास्त वेळ. गव्हाच्या सपाट शेतांतून दोन मनोरे आधी दिसतात, गाव नंतर. काचांचा निळा रंग पाहून भाची बोलायचीच थांबली.

फ्रान्सचे राजे रँसला अभिषेक घेत. तिथलं पवित्र तेल फ्रँकांचा जुना राजा क्लोव्हिस याच्या बाप्तिस्म्यासाठी कबुतराने स्वर्गातून आणलं, अशी श्रद्धा. पण रँस लीगच्या हातात होतं. म्हणून 27 फेब्रुवारी 1594 रोजी अभिषेक इथे झाला, बिशप निकोला द तू याच्या हस्ते. तेल आणलं तूरजवळच्या मार्मूत्येच्या मठातून. संत मार्टिन पडून जखमी झाले तेव्हा देवदूताने त्यांना ते दिलं, असं सांगत. एका चमत्काराच्या जागी दुसरा चमत्कार ठेवून विधी पुरा केला. त्या विधीत पाखंडी लोकांना राज्यातून काढून टाकण्याची शपथ होती. चौथ्या हेन्रीने तीही घेतली. चार वर्षांनी, एप्रिल 1598 मध्ये, त्याच राजाने नांतचा जाहीरनामा काढून ह्यूगेनॉटांना उपासनेची मुभा दिली. शपथ मोडली, आणि ती मोडली याचा मला आनंद आहे.

फरशीवरच्या चक्रव्यूहावर त्या दिवशी खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांच्यामधून दिसेल तेवढा पाहिला.

सातवा दिवस: सें-मेरी, फेरोनरी

पोम्पिदू केंद्राच्या सावलीत सें-मेरी चर्च आहे. 1593 च्या ऑगस्टमध्ये बूशेने इथे नऊ दिवस नऊ प्रवचनं दिली. विषय एकच, हेन्रीचं धर्मांतर ढोंगी आहे. आत आम्ही दोघीच होतो. बूशे दुष्ट होता असं मला वाटत नाही. पोपने माफी न देता बिशपांनी परस्पर माफी दिली तर ती चालते का, हा त्याचा प्रश्न खरा होता. पोपची माफी 17 सप्टेंबर 1595 ला आली. पण 22 मार्च 1594 ला हेन्री पॅरिसमध्ये शिरला, तेव्हा शहर फारसं लढलंही नाही. बूशे स्पॅनिश फौजेबरोबर निघून गेला आणि उरलेलं दीर्घ आयुष्य त्याने परक्या मुलखात काढलं.

तिथून फेरोनरीची गल्ली चालत दहा मिनिटांवर. 14 मे 1610 रोजी इथे राजाची बग्गी दोन गाड्यांमुळे अडली, आणि अंगुलेमहून आलेला राव्हायाक चाकावर पाय देऊन वर चढला. सुऱ्याचे वार बसले आणि चौथा हेन्री संपला. राजा पोपशी लढाई करायला निघाला आहे, असं राव्हायाकच्या मनाने घेतलं होतं. 8 जूनला पार्लमाँच्या हुकमाने मारियाना या स्पॅनिश जेसुइट धर्मगुरूचा राजसत्तेवरचा ग्रंथ जाळण्यात आला, कारण जुलमी राजाला मारावं की नाही याची चर्चा त्यात होती. सें-सेव्हरँचं चित्र काढायला लावलं होतं, इथे पुस्तक जाळलं.

या गल्लीला लागूनच इनोसंट्सचं मोठं कब्रस्तान होतं. 1590 च्या नाकेबंदीत, धान्य संपल्यावर, त्या कब्रस्तानातली हाडं दळून लोकांनी भाकरी केली. लोकांनी त्या भाकरीला गीझच्या बहिणीचं, मोंपांसिएच्या डचेसचं नाव दिलं होतं. हीच बाई तिसऱ्या हेन्रीचं मुंडन करायला सोन्याची कात्री कमरेला लावून फिरायची. हेही लेत्वालने लिहून ठेवलं.

खुनाची जागा दाखवणारी फरशी रस्त्यातच बसवली आहे, त्यावर राजाचं चिन्ह. शोधायला वेळ लागला, कारण वरून सारखे पाय जात होते. मी वाकून तारीख वाचत होते.

"मावशी, बाजूला ये, गाडी येते आहे."

एक माणूस पाण्याच्या बाटल्यांची खोकी लादलेली ढकलगाडी घेऊन आला. मी सरकले. गाडीची चाकं फरशीवरून खडखडत गेली आणि पुढच्या दुकानाशी थांबली.